अळणी भाजी, खारट स्ट्रॉबेरी आणि हायडीचे पाव

चाटीगल्ली (रविवार, दुपारी १.४०)

मंडळी, हा धागा माझा नाही. भाची सुट्टीला सोलापुरात आलीय, आता आठवीत जाईल. बाहेर ऊन असं की गच्चीवर पापड न तळताच फुगावेत. त्यामुळे तीन दिवस माझं पुस्तकांचं कपाट उपसतेय आणि दर जेवणाला एकेका पुस्तकाची चिरफाड करतेय. म्हटलं, माझं डोकं खाण्यापेक्षा इथं लिही. खालचं सगळं तिचं, शुद्धलेखन तेवढं मी बघितलंय.

नमस्कार. मोठ्या माणसांनी 'मुलांनी वाचलीच पाहिजेत' असं ठरवलेल्या पुस्तकांबद्दल मला बोलायचंय. अशी यादी शाळेत दरवर्षी मिळते. पुस्तकं मिळत नाहीत, कारण कपाटाला कुलूप आणि किल्ली ज्या बाईंकडे त्या नेमक्या रजेवर. ते जाऊ दे.

पुस्तक चांगलं की वाईट हे ठरवायची माझी एक पद्धत आहे. त्यातली माणसं काय खातात आणि खायला नसलं की काय करतात, ते मी बघते. आत्या हसली. पण लिहिणाऱ्याला माणसं खरी दिसत असली तर त्यांना भूक लागणारच ना? नुसते गुण गायचे असतील तर स्वयंपाकघरात जायची गरज पडत नाही.

'हायडी' घ्या. योहाना स्पायरीने १८८०-८१ मध्ये लिहिलेलं. सगळ्यांना त्यातला स्वित्झर्लंडचा डोंगर, शेळ्या आणि आजोबांनी विस्तवावर भाजलेलं चीज आठवतं. मला पाव आठवतात. शेळ्या राखणाऱ्या पीटरची आजी आंधळी आहे आणि तिला कडक काळा पाव चावत नाही. हायडीला फ्रँकफुर्टला एका श्रीमंत घरात नेऊन ठेवतात, तिथं जेवताना मऊ पांढरा पाव मिळतो. ती तो खात नाही. आजीसाठी कपड्यांच्या कपाटात साठवते. एक दिवस त्या घरच्या कडक बाई, रोटेनमायर, कपाट उघडतात आणि वाळलेले सगळे पाव फेकायला लावतात. हायडी ढसाढसा रडते. मीपण रडले, पण रडता रडता प्रश्न पडला. वाळलेला पांढरा पाव आजीला चावणार होता का? तोही काळ्यासारखाच कडक झाला असणार. आपल्याकडं कडक भाकरी किती दिवस टिकते, आणि दात नसलेली माझी पणजी तीच भाकरी आमटीत कुस्करून खायची. पीटरच्या आजीला कुणीच कसं सांगितलं नाही की दुधात बुडवा? शेळ्या तर दारात होत्या!

तरी हायडी पास. कारण पाव साठवायची बुद्धी फक्त खऱ्या मुलीलाच होते. शहाण्या मुलीने कुणाला तरी सांगितलं असतं.

'चौघीजणी' (लुइसा मे अल्कॉटचं १८६८ चं 'लिटल विमेन', मराठीत शांता शेळके यांनी आणलेलं) पण पास. त्यात नाताळच्या सकाळी चौघी बहिणी स्वतःचा नाश्ता उचलून एका गरीब घरी देऊन येतात, ते बाईंनी वर्गात सांगितलं होतं. मला त्यापेक्षा दुसरं जेवण आवडलं. चौघींतली 'जो' नावाची बहीण स्वतः स्वयंपाक करते आणि पाहुण्यांना बोलावते. सगळं बिघडतं. शेवटी स्ट्रॉबेरीवर साखर म्हणून मीठ पेरते! शेजारचा लॉरी बिचारा मुकाट खातो, धाकटी बहीण एमी घास तोंडात घालते आणि टेबलावरून पळते. आणि मग जो रडायच्या बेतात असताना एकदम हसायला लागते आणि सगळेच हसतात.

आता 'श्यामची आई'मधली अळणी भाजी आठवा. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील काही न बोलता खातात, मुलंही खातात. शेवटी आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळतं आणि तिला फार वाईट वाटतं. आम्हाला हे वडिलांचा मोठेपणा म्हणून शिकवलं. माझं मत वेगळं आहे. वडिलांनी सांगायला काय हरकत होती? 'अगं, मीठ राहिलं' एवढंच. पानात मीठ घेतलं असतं, सगळ्यांचं जेवण नीट झालं असतं आणि आईला शेवटी एकटीला रडू आलं नसतं. जोच्या घरी चूक सगळ्यांसमोर झाली आणि हसण्यावारी गेली. श्यामच्या घरी चूक झाकली आणि आईला टोचली. म्हणून हा एवढा धडा नापास. (बाकी पुस्तक पास. लगेच रागावू नका.)

'फास्टर फेणे' माझ्या पद्धतीत सपशेल नापास, कारण तो कधी जेवला हेच मला आठवत नाही. सायकलवरून उतरतच नाही. तरी मला तो सगळ्यात जास्त आवडतो, त्यामुळे पद्धतीत काहीतरी चूक आहे.

सगळ्यात वर 'पाडस'. त्याबद्दल आत्ता लिहिणार नाही.

शेंगाचटणी (रविवार, दुपारी १.५८)

लै भारी बे. आठवीत असताना मी काय करायलतो आठवायलोय. कंबर तलावावर मासे धरायलतो आणि एकपण धरला नव्हता.

भाकरी दुधात बुडवायची आयडिया स्वित्झर्लंडला कळवायला पाहिजे.

पांढरा खडू (रविवार, दुपारी ३.२०)

पोरी, तू लिहिलंस छान. मी तेहतीस वर्षं मराठी शिकवलं, 'अळणी भाजी' किती वेळा शिकवली त्याची गणती नाही. पण उत्तरपत्रिकेत जे वाचायला मिळालं नाही ते आज इथं मिळालं, म्हणून आधी शाबासकी आणि मग भांडण.

पहिली गोष्ट. हे पुस्तक साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. ९ फेब्रुवारी १९३३ ला लेखणी हातात घेतली आणि १३ फेब्रुवारीला पूर्ण केलं. पाच दिवस. पुस्तक छापून आलं १९३५ मध्ये. तुरुंगातलं जेवण कसं असतं ते सांगायला नको. तिथं बसून माणूस आईच्या हातची भाजी आठवतोय, तीही बिघडलेली. चांगली झालेली भाजी कुणालाही आठवेल गं.

दुसरी. तुला वाटतं गुरुजी वडिलांना मोठं करतात. धडा पुन्हा उघड. दोष न दाखवता आनंदाने खाणारे वडील थोर, की आपल्या हातून नीट झालं नाही म्हणून हळहळणारी आई थोर, असा प्रश्न ते तिथंच विचारतात. उत्तर आम्ही मास्तरांनी ठरवून टाकलं, परीक्षेत पाच मार्कांना बसावं म्हणून. तेव्हा नापास करायचं तर आम्हाला कर.

तिसरी, आपल्या जिल्ह्याची. याच माणसाने मे १९४७ मध्ये पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केलं, विठ्ठलाचं मंदिर हरिजनांना (तेव्हाचा शब्द) खुलं व्हावं म्हणून. दहा दिवस पोटात अन्न नाही. जेवणाबद्दल त्यांनी जे लिहिलं ते भरल्या पोटाचं समजू नकोस.

आता भांडण संपलं. खाजगीत सांगतो, रक्तदाबामुळे डॉक्टरांनी माझं मीठ कमी केल्याला चार वर्षं झाली. आमच्याकडं रोजच अळणी भाजी असते. आणि मी रोज बोलतो.

चाटीगल्ली (रविवार, दुपारी ४.०५)

(भाची) आजोबा, धडा परत वाचला. तुमचं बरोबर आहे, प्रश्न तिथं आहे. मला तो शाळेत दिसलाच नव्हता, कारण आमच्या पाठ्यपुस्तकाखालच्या स्वाध्यायाकडे आम्ही आधी बघतो.

पण माझा मुद्दा थोडासा राहिला. आई थोर की वडील थोर हा प्रश्नच मला नको वाटतो. दोघं बोलले असते तर कुणालाच थोर व्हावं लागलं नसतं.

उपोषणाचं माहीत नव्हतं. पंढरपूरला दरवर्षी जातो, कुणी सांगितलं नाही.

कंबर तलाव (रविवार, सायंकाळी ६.३०)

'दोघं बोलले असते तर कुणालाच थोर व्हावं लागलं नसतं.' मी हे वाक्य नवऱ्याला वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही. 😄

पूर्वभाग (रविवार, रात्री ९.१५)

मी जरा उलट्या दिशेने येतो. आमचं घर पद्मशाली, म्हणजे विणकरांचं, घरात तेलुगू, शाळा मराठी, आणि गल्लीच्या तोंडाला कानडी. माझ्या आजीकडे तेलुगूतला 'चंदामामा' यायचा. तो १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झाला, मराठीतला 'चांदोबा' १९५२ चा. आम्हा पोरांना मराठी. त्यामुळे एकाच घरात एकाच महिन्याचा वेताळ दोन भाषांत लटकलेला असायचा. मागावर काका, खटक-खटक चालू, आजी तिची गोष्ट मोठ्याने वाचायची आणि मी माझ्यातली चित्रं बघून ताडायचो की ती कुठवर आली. मराठीत एखादा शब्द अडला तर आजीच्या गोष्टीत त्याचा अर्थ सापडायचा. शाळेत मला शिकवायला कुणाला जमलं नाही ते मासिकाने केलं.

आता मिठावर येतो, कारण ताईने विषय मिठाचा काढलाय. तेलुगूत मीठ म्हणजे उप्पू. कानडीतही उप्पूच. म्हणजे आमच्या गल्लीत मराठी सोडून सगळ्यांचं मीठ एकच. आणि मराठी माणूस सकाळी उठून उप्पीट खातो तेव्हा त्यालाही पत्ता नसतो की तो काय म्हणायलाय.

'चांदोबा'त जेवणं कशी असायची आठव, म्हणजे तुझ्या पद्धतीने. राजा पंचपक्वान्नं खायचा आणि गरीब ब्राह्मण उपाशी. मधलं काहीच नाही. आमच्यासारखा वरण-भात खाणारा माणूस त्यात एकही नव्हता. तुझ्या पद्धतीत नापास होणार, पण आजी आठवते म्हणून मी त्याला वरच्या वर्गात ढकलतोय.

शेंगाचटणी (रविवार, रात्री ९.२२)

उप्पीटचं खरंच माहीत नव्हतं. उद्या हॉटेलात सांगून भाव खातो.

चाटीगल्ली (सोमवार, सकाळी १०.३०)

(भाची) पूर्वभाग काका, तुमच्यामुळे मला तोत्तोचानचं एक सांगायचं राहिलं ते आठवलं. तेत्सुको कुरोयानागी यांचं जपानी पुस्तक, १९८१ चं. मराठी चेतना सरदेशमुख गोसावी यांनी केलंय, नॅशनल बुक ट्रस्टचं आहे, त्यामुळे स्वस्त. त्यात आगगाडीच्या जुन्या डब्यांमध्ये भरणारी शाळा आहे आणि तिथले मुख्याध्यापक कोबायाशी सांगतात की डब्यात रोज 'समुद्रातलं काहीतरी आणि डोंगरावरचं काहीतरी' हवं. मग मधल्या सुट्टीत ते सगळ्यांचे डबे बघत फिरतात. त्यांच्या बायकोच्या हातात दोन पातेली. एखाद्याच्या डब्यात समुद्र नसला की त्या पातेल्यातून समुद्र वाढतात. कुणाला ओरडत नाहीत, की आईला चिठ्ठी पाठवत नाहीत.

मी चौथीत हे वाचलं आणि आईला सांगितलं, उद्यापासून डब्यात समुद्रातलं आणि डोंगरावरचं पाहिजे. आई म्हणाली, 'सोलापुरात समुद्र कुठनं आणू? मीठ आहे त्यात, ते समुद्रातलंच.' मग डोंगर? 'शेंगा चटणीतल्या शेंगा तुळजापूरच्या घाटाकडच्या आहेत.' त्या तशा होत्या का देव जाणे, पण वर्षभर माझ्या डब्यात समुद्र आणि डोंगर होता. त्यामुळे तोत्तोचान पहिल्या नंबरात पास.

शेवटी ती शाळा १९४५ मध्ये बॉम्बहल्ल्यात जळते. मला तेव्हा शाळेपेक्षा त्या दोन पातेल्यांची काळजी वाटली होती.

नान्नज रस्ता (सोमवार, दुपारी १२.१०)

पाडसाबद्दल कुणीच बोलंना म्हणून मी बोलतो. राम पटवर्धनांचं भाषांतर मी तीनदा वाचलंय, कॉलेजात एकदा, मुलगा झाल्यावर एकदा आणि गेल्या वर्षी ज्वारी गेली तेव्हा एकदा.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची १९३८ ची कादंबरी, पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालेली. फ्लोरिडातलं जंगलातलं एकटं घर. ज्योडी नावाचा मुलगा, त्याचे वडील पेनी. वडलांना साप चावतो, विष ओढून घ्यायला ते एक हरणी मारून तिचं काळीज जखमेवर लावतात. तिचं पाडस मागं राहतं, ते ज्योडी पाळतो. पाडस मोठं होतं आणि घरचा मका खायला लागतं. कुंपण उंच करतात, ते उडी मारतं. पुन्हा मका खातं. शेवट काय होतो तो लिहीत नाही.

शहरातली माणसं हा शेवट वाचून ज्योडीच्या आईला शिव्या देतात. आमचं रान नान्नजच्या माळढोक अभयारण्याला लागून आहे. अभयारण्य १९७९ चं. माळढोक दिसणं आता नशिबाची गोष्ट, पण काळवीट विचारू नका. पहाटे कळपच्या कळप. हुरड्यात आलेली मालदांडी ज्वारी एका रात्रीत अशी दिसते की जणू कुणी कात्रीनं शेंडे छाटलेत. मारायचा प्रश्नच नाही, कायद्याने पहिल्या अनुसूचीतलं जनावर, आणि मारावंसं वाटतही नाही. इतकं देखणं आहे की शेतात उभं असलं तरी आधी माणूस बघतच राहतो, मग ओरडतो. भरपाईचा अर्ज भरायचा, पंचनामा व्हायचा, पैसे आलेच तर पुढच्या पेरणीला.

म्हणून मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. 'पाडस' सगळ्यात वर का? हरणासाठी का?

चाटीगल्ली (सोमवार, दुपारी २.४५)

(भाची) काका, मला लिहायचं नव्हतं पण आता लिहिते.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा हरणासाठीच. पुस्तक भिंतीवर फेकलं होतं. आत्याला विचारा, पुठ्ठा अजून वाकलेला आहे.

दुसऱ्यांदा वाचताना मी शेवटच्या प्रकरणात थांबले. त्या सगळ्यानंतर ज्योडी घर सोडून पळतो. होडी घेऊन नदीत जातो. खायला काही नसतं. पोटात आधी दुखतं, मग नुसतं रिकामं होतं, मग चक्कर येते आणि तो पडतो. एक टपालाची बोट त्याला उचलते. आणि तेव्हा त्याला कळतं की आई 'आपण सगळे उपाशी मरू' म्हणायची ते ओरडण्यासाठी म्हणत नव्हती, तिला भूक माहीत होती. आख्ख्या पुस्तकात आई मका मोजत असते, आणि तो आणि आपण दोघंही तिच्यावर चिडलेले असतो. त्याला भूक लागल्यावर आपण चूक होतो हे कळतं. माझी जेवण बघायची पद्धत तिथून आली. आधी माझी अशी काही पद्धत नव्हती.

तरी आईने बंदूक उचलायला नको होती असं मला अजून वाटतं. पण मका कुणी वाचवायचा हे मला सांगता येत नाही. तुम्हालापण सांगता येत नाही असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं.

नान्नज रस्ता (सोमवार, दुपारी ३.००)

नाही येत.

कंबर तलाव (सोमवार, दुपारी ४.२०)

नान्नजवरून आठवलं, मुलीला अजून दोन वर्षांनी मारुती चितमपल्लींची पुस्तकं द्या. 'चकवाचांदण', 'रानवाटा'. त्यांचा जन्म सोलापुरातलाच, १९३२ चा. २०२५ मध्ये पद्मश्री घेतली आणि जूनमध्ये इथंच गेले. जंगलात आयुष्य काढलेला माणूस या उन्हाच्या गावातून निघाला, हे मला नेहमी नवल वाटतं.

आणि फास्टर फेणेला नापास केल्याबद्दल निषेध! भा. रा. भागवतांनी फुरसुंगीचा हा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात आणला, तोंडात 'ट्टॉक्' दिलं आणि पायात सायकल. हाडकुळा पोरगा आहे हे सगळ्या चित्रांत दिसतं. जेवत नाही म्हणूनच हाडकुळा. पुरावा मिळाला की नाही?

शेंगाचटणी (सोमवार, दुपारी ४.२५)

ट्टॉक्!

बाळीवेस (सोमवार, रात्री ८.४०)

मी आई आहे, मुलगा सहावीत. सगळ्यांचं वाचून आनंद झाला पण एक शंका. 'पाडस' केवढं जाड आहे, 'चौघीजणी'ही तशीच. आमचा मुलगा संक्षिप्त आवृत्त्या वाचतो. ऐंशी-शंभर पानांत गोष्ट कळते, चित्रं असतात. काहीच न वाचण्यापेक्षा बरं ना? की त्यातही पाप आहे?

चाटीगल्ली (मंगळवार, सकाळी ११.१५)

(भाची) मावशी, पाप नाही. मी हायडी आधी तसलीच वाचली होती, शाळेच्या बक्षिसात मिळालेली, चौसष्ट पानांची. त्यात हायडी फ्रँकफुर्टला जाते, त्या श्रीमंत घरातल्या क्लाराला भेटते, आजारी पडते, परत येते. कपाट नाहीच! पाव नाहीत! मला कळेचना की ती झोपेत चालण्याएवढी आजारी का पडली. नुसतं 'तिला घराची आठवण येई' असं एक वाक्य. आठवण तर मलापण येते, मी कुठं झोपेत चालते?

मग आत्याकडची मोठी वाचली तेव्हा सगळं जागेवर बसलं. तिला रडायची बंदी होती, कुणाला सांगायची सोय नव्हती, आणि करता येण्यासारखी एकच गोष्ट होती ती म्हणजे पाव जमवणं. तेही फेकले. त्यानंतर एकटी क्लारा तिला म्हणते की तू जाशील तेव्हा तेवढेच ताजे पाव तुला देऊ. सगळ्या मोठ्या घरात तेवढं एकीलाच समजलं होतं.

आत्याकडं दोन-तीन अशा छोट्या आवृत्त्या होत्या, त्या काल मी मोठ्यांशी लावून बघितल्या. 'चौघीजणी'च्या गोष्टीच्या छोट्या पुस्तकात नाताळचा नाश्ता ठेवलाय, खारट स्ट्रॉबेरी काढल्यात. म्हणजे चांगलं वागलेलं जेवण राहिलं आणि फजितीचं गेलं. कापणाऱ्याला वाटत असणार, जेवण काय, गोष्ट पुढं जात नाही ना त्यानं.

तुमच्या मुलाला छोटी वाचू द्या, पण आवडलं तर मोठी घरात असू द्या. माझ्या हाताला ती लागली म्हणून हे कळलं.

बाळीवेस (मंगळवार, दुपारी १.००)

पटलं. मुलगा शेजारी बसून वाचतोय, म्हणतोय 'स्ट्रॉबेरीवर मीठ चांगलं लागतं, पेरूवर लागतं तसं'. आता काय बोलू?

पांढरा खडू (मंगळवार, दुपारी १.३०)

त्याला सांगा, तिखट-मीठ लावून.

मुली, तुझ्या बोलण्यात एक धागा आहे तो तुझ्याच लक्षात आलाय का बघ. हायडी सांगत नाही, श्यामचे वडील सांगत नाहीत, जो सगळ्यांसमोर खारट वाढते, ज्योडीची आई रोज सांगते आणि कुणी ऐकत नाही. तू जेवण बघतेस असं तुला वाटतं. मला वाटतं, ताटावर बसून कोण बोलतं आणि कोण गप्प राहतं ते तू बघतेस.

(माझ्या सवयीने प्रश्न विचारला. उत्तर सक्तीचं नाही, मार्क नाहीत.)

चाटीगल्ली (बुधवार, रात्री १०.१०)

आत्या लिहितेय. भाची झोपली, पण तिने आज जो उद्योग केला तो सांगितल्याशिवाय मला झोप येणार नाही.

तिचे आई-बाबा आज तिला न्यायला आले. माझा भाऊ म्हणजे एकदम मितभाषी. दुपारी हिने हट्ट केला की गवारीची भाजी मीच करणार. आम्ही बायका हॉलमध्ये गप्पांत. हिने मुद्दाम मीठ घातलं नाही. कुणालाच सांगितलं नाही, मलाही नाही. बाबांना आणि मामंजींना आधी वाढलं आणि समोर वही घेऊन बसली. वही!

मामंजींनी पहिल्या घासाला सांगितलं, 'बाळ, मीठ विसरलीस.' त्यांच्याकडून दुसरी अपेक्षा नव्हतीच. भाऊ काही बोलला नाही. भाकरी मोडली, भाजी घेतली, खाल्ली. शेंगा चटणी मागितली. परत भाजी, परत चटणी. तिसऱ्यांदा चटणी मागितली तेव्हा माझी वहिनी आतून म्हणाली, 'भाजी अळणी झालीय का?' तिने तोंडात घासही घातला नव्हता. भाऊ म्हणाला, 'चटणी छान झालीय.'

वहिनी उठली, मिठाचा डबा आणून त्याच्यापुढं ठेवला आणि परत गप्पांना बसली. दोघंही एक अक्षर जास्त बोलले नाहीत.

भाची वहीत काय लिहावं ते न कळून तशीच बसून राहिली. शेवटी मला विचारलं, 'आत्या, हे सांगितलं म्हणायचं की नाही सांगितलं?'

शेंगाचटणी (बुधवार, रात्री १०.१४)

शेवटी आपली चटणीच मधी पडली का नाही?

पांढरा खडू (बुधवार, रात्री १०.४०)

पंधरा वर्षांपूर्वी ही गोष्ट कळली असती तर मी तो धडा वेगळा शिकवला असता.

पूर्वभाग (बुधवार, रात्री ११.०५)

माझी आजी असती तर तिने विचारलं असतं, भाजी शेवटी संपली का उरली?

चाटीगल्ली (गुरुवार, सकाळी ७.५०)

(भाची) संपली. बाबांनी डब्यात पण मागितली. आजोबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर गाडीत विचार करून लिहीन, आत्ता बॅग भरायचीय. 'पाडस' मी घेऊन चाललेय, आत्याला अजून सांगितलेलं नाही.

चाटीगल्ली (गुरुवार, सकाळी ९.३०)

कपाटात फट दिसली तेव्हाच कळलं होतं.